निळ्या शर्टाचे कंगोरे

एसटीत जागा धरायला कोणी खिडकीतून रुमाल टाकतं, कोणी पिशवी. कीर्तीने त्या दिवशी पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीत अख्खी गोधडी टाकली. एक्क्याण्णव सालचा श्रावण होता, सर नुकतीच येऊन गेली होती, दाराशी ही झुंबड, आणि उरणच्या गिऱ्हाइकाला आजच गोधडी पोचवायची होती. नेम चुकला नाही. फक्त त्या सीटवर एकजण आधीच बसला होता, आणि गोधडी त्याच्या डोक्यावर उलगडली.

रेटारेटीतून ती आत पोचली तेव्हा तो गोधडी मांडीवर घेऊन निवांत तिचा काठ चाचपत होता.

“धरलीय तुमची जागा,” तो खिडकीकडे सरकत म्हणाला. “पण मला एक सांगा… गोधडीला समोसे कशाला लावलेत?”

“समोसे नाहीत ते. कंगोरे.” कीर्तीला हसू आवरेना. “चौकोनी तुकड्याला दोन घड्या घातल्या की त्रिकोण होतो. एकाच्या घडीत दुसऱ्याचं टोक सरकवायचं आणि ओळीने काठात शिवून टाकायचे.”

“म्हणजे सगळे एकमेकांचा हात धरून उभे,” तो म्हणाला.

आईच्या हाताखाली इतकी वर्षं कंगोरे घालत होती, पण असं काही तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सावळा, हसऱ्या डोळ्यांचा, बोलताना मान जराशी तिरकी करायची लकब. नाव भावेश. घर उरणजवळच्या मोऱ्याला, नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात. जासई येईपर्यंत दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की कंडक्टरला तिकिटासाठी दोनदा हाक मारावी लागली.

“आम्हालाही एक गोधडी हवीय,” उतरायच्या आधी तो म्हणाला. “छोटी. बाळ यायचंय ना घरात… भाद्रपदात.”

कीर्तीचं हसू ओठांवरच राहिलं. बरोबरच आहे, तिने मनाला समजावलं. असा माणूस मोकळा कुठला असायला?

तिच्या आईच्या, वसुंधराबाईंच्या, माहेरची एक रीत होती. बाळाची गोधडी आजीच्या लुगड्याची, आणि कंगोरे बापाच्या शर्टाचे. आईची ऊब बाळाला मिळतेच, बापाने निदान काठाकाठाने तरी जवळ असावं. एवढं सगळं परक्या पुरुषाला समजावून सांगायची तिला लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, “तुमच्या आईची जुनी लुगडी आणा. आणि… तुमचा एखादा वापरलेला शर्ट.”

त्याने मुकाट्याने दोन्ही आणून दिलं. शर्ट निळ्या चौकड्यांचा होता. मग संध्याकाळी पनवेलला गाडी बदलताना त्याची पावलं तिच्या घराकडे वळू लागली. काम कुठवर आलं ते बघायला, असं तो सांगायचा. बघायचा मात्र भलतीकडेच.

कधी म्हणायचा, “मालूला पिवळा रंग आवडतो, थोडा घाला.” कधी, “मालूला सारखं आंबट लागतं, म्हणून कैरीचं लोणचं घेऊन चाललोय.” कधी, “मालूचे पाय सुजलेत हो, रात्रभर झोप नाय तिला.”

कीर्ती मान खाली घालून धावदोरा घालत राहायची. तो तिला आवडला होता. दुसऱ्या बाईचा नवरा आवडला होता, आणि त्या मालूची किती काळजी घेतो म्हणून तर जास्तच आवडत चालला होता. स्वतःचाच राग राग येत होता तिला.

एकदा त्याने हट्टाने एक तुकडा हातात घेतला. घडी वाकडी पडली. ती सरळ करायला कीर्तीने हात पुढे केला, बोटांना बोटं लागली… आणि त्याने काही हात मागे घेतला नाही.

तिनेच घेतला. चटका बसल्यासारखा.

“रोज रोज खेपा घालू नका,” ती तुटकपणे म्हणाली. “गोधडी झाली की मीच आणून देईन.”

“माझं काही चुकलं का?”

“घरी लवकर जात जा. मालूला बरं वाटेल.”

“मालूला? मी दिसलो की भांडायला लागते ती,” तो गोंधळून म्हणाला. पण कीर्तीने मान वर केली नाही. पायांत चपला सरकवून तो गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

गणपती झाल्यावर एका रविवारी ती मोऱ्याला निघाली. गोधडी द्यायची, बाळ बघायचं आणि हा विषय संपवायचा, असं तिने ठरवलं होतं.

दार भावेशच्या आईने, सोनाबाईंनी उघडलं. “गोधडीवाली ना तू? ये गो बाय, आत ये. पोरगा झाला आमाला.”

बाजेवर मालू बाळाला घेऊन बसली होती. नाकाडोळ्यांनी ठसठशीत, कोणालाही आवडावी अशी. तिने गोधडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं आणि हसली. “आये, बघ ना, दादाचा शर्ट!”

“दादा?” कीर्तीने विचारलं.

“भावेशदादा. माझा भाऊस ना तो. बाळाचे पप्पा बोटीवर हायत, दिवाळीला येतील. पयलं बाळंतपण, म्हणून मी आयेकडं आलंय.”

पहिलटकरीण माहेरी असते, ही शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. कीर्तीच्याच डोक्यात कशी शिरली नव्हती? घशापर्यंत आलेलं हसू आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही लपवताना तिची त्रेधा उडाली. मग तिने त्या दोघींना आईच्या माहेरची ती रीत सांगितली. सोनाबाई अशा हसल्या की बाळ दचकून रडू लागलं.

“आता त्यालाच सांग जा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “धक्क्यावर बसलाय. किती दिस झाले, तोंडात माशी गेल्यावानी गप हाय पोरगा.”

भावेश धक्क्याच्या कठड्यावर बसला होता. मुंबईची लाँच नुकतीच सुटली होती. तिला बघून तो उठला. बोलावं कीर्तीलाच लागलं, आणि तिने अडखळत सगळं सांगितलं.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही मला…” तो बघतच राहिला. “मालूचा नवरा?”

“परक्या बाईच्या नवऱ्याशी हसून बोलायची आमच्यात रीत नाही.”

“आणि कोणाचाच नसलेल्याशी?”

कीर्तीने पदर सारखा केला. “ते कंगोरे उसवावे लागतील. दिवाळीला मालूचे यजमान आले की त्यांचा शर्ट पाठवा.”

“आणि माझे कंगोरे?”

“माझ्याकडे ठेवेन… जपून.”

“कशाला?”

तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग सरळ त्याच्याकडे. “तुमच्याही बाळाला लागतील ना कधीतरी.”

भावेशची मान नेहमीसारखी तिरकी झाली. “त्याच्या आईला विचारायला हवं,” तो म्हणाला. “तिला चालेल का माझा शर्ट.”

“मग विचारा की.”

त्याने विचारलं. इतक्या हळू, की पलीकडे जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. कीर्तीने मान डोलावली, ती मात्र त्यालाही दिसली.