आठ गोळ्या उरायला हव्या होत्या

“एकही उरली नाही?” मेडिकलवाल्या काकूंनी रिकामी बाटली कानाशी हलवून पाहिली.

“महिना संपला, बाटली संपली. यात नवल ते काय?” काउंटरपलीकडची बाई म्हणाली. नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून ती कायम घाईत असायची. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, भिंगरीला, मन एका जागी ठरावं म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली होती. महिन्याला तीस. असल्या गोळ्यांची दुकानात वेगळी वही असते, आणि त्या वहीच्या बाबतीत काकू सख्ख्या भावालाही सोडत नसत.

“पण तुम्ही तर फक्त शाळेच्या दिवशी देता ना?”

“हो. सुट्टीला नाही. तो ह्यांचा नियम. ‘पाच दिवस शाळेची, दोन दिवस माझी. पोर जशी आहे तशी हवी मला,’ म्हणायचे. ते गेले, म्हणून मोडवत नाही.”

“मग महिन्याला आठ तरी उरायला हव्यात.”

बाईचा हात पर्समध्येच थांबला.

काकूंनी वहीची पानं मागे उलटली. नवरा होता तोवर ही बाई चाळीसेक दिवसांनी यायची. तो गेल्यापासून बरोबर तिसाव्या दिवशी. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

“दीर,” बाई पुटपुटली. “आमच्या आधाराला म्हणून राहायला आलाय. परीक्षा आहे त्याची, रात्र रात्र जागतो. आणि या गोळीनं झोप उडते.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, काकूंचा फोन वाजला. “काकू, सासऱ्यांनी भाऊजींची बॅग दाराबाहेर ठेवलीय. चोराला या घरात जागा नाही म्हणतात. वही घेऊन या हो, माझी तर मतीच गुंग झालीय.”

दीर जिन्यातच बसला होता. गालावर उशीची वळी उमटलेली.

“कधी उठलास?”

“आत्ता, बारा वाजता. बाबांनीच उठवलं. आणि उठल्या उठल्या चोर ठरलो.”

“काल?”

“काल साडेअकरा. रात्रीचा अभ्यास होतो माझा. चहावर, काकू. शपथ घेतो हवी तर.”

“शपथा पोलिसांसमोर घे. परीक्षा कधीपासून ठरलीय?”

“महिनाही झाला नाही.”

काकूंनी मान डोलावली. गोळ्या चार महिन्यांपासून जात होत्या.

घरात पाऊल टाकलं आणि काकूंच्या अंगावर काटा आला. गेलेल्या माणसाच्या चपला दाराशी होत्या, पुसलेल्या. त्याची खुर्ची खिडकीशी, त्यावर त्याचा चष्मा. सगळं कसं त्याची वाट पाहत होतं.

भिंगरी टेबलाशी होती. पाचशे तुकड्यांचं चित्र जुळवत होती, आणि ते जवळजवळ जुळलेलं होतं. शेजारी जेवणाचं ताट, जसंच्या तसं.

“सुट्टीला ही अशीच,” आई हळूच म्हणाली. “जेवत नाही, हसत नाही. पूर्वी रविवारी घर डोक्यावर घ्यायची. आता वाटतं, हिच्या जागी दुसरंच कुणी येऊन बसलंय. मला माझ्याच पोरीची भीती वाटते हो!”

सासरे आतल्या खोलीत होते. दार किलकिलं होतं.

“दार लावत नाही तुम्ही?”

“नाही.” म्हातारा आवाज उतरवून म्हणाला, “तो येतो.”

“कोण?”

“माझा मुलगा. सकाळी सहाला. आधी पावलं, मग स्टूल सरकतं, कपाट उघडतं, नळाचं पाणी वाहतं. सुट्टीला तोच चहा करायचा ना. मी उठत नाही. उठलो तर जाईल.”

“रोज येतो?”

“शनिवारी, रविवारी. आणि गेल्या बुधवारी आला होता.”

“बुधवारी शाळा होती?”

आजोबांनी आठवून पाहिलं. “नव्हती. सुट्टी होती.”

काकूंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

त्यांनी दिराला आत बोलावलं आणि आजोबांनाही बाहेरच्या खोलीत आणलं.

“चोर लोभी असतो,” काकू वही उघडून म्हणाल्या. “हा नाही. डॉक्टरांनी रोजची एक सांगितली, यानं तेवढीच घेतली. फक्त सुट्टीच्या दिवशी. जी गोळी आई देत नाही, नेमकी तीच. अभ्यासासाठी चोरणारा सुट्ट्या बघत बसतो का? आणि ती गोळी घेऊन हा पोरगा बाराबारापर्यंत घोरला असता का?”

“मग कुणी घेतली?” आईनं विचारलं.

“सुट्टीला या घरात कोण जेवत नाही? ही गोळी भूक मारते. कोण तासन् तास एका जागी बसतं? आणि बाटली असते त्या वरच्या कपाटापर्यंत पोचायला स्टूल कुणाला लागतं? आजोबा, तुमच्या उंचपुऱ्या मुलाला लागत होतं का हो? भुताला शाळेचं वेळापत्रक तरी कशाला हवं?”

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. भिंगरीच्या हातातला तुकडा हातातच होता.

“हिच्या वडिलांचा अपघात रविवारचा,” काकूंचा आवाज उतरला. “ही कुत्र्याच्या मागे रस्त्यावर पळाली, वडिलांनी हिला ढकललं आणि स्वतः सापडले. इथवर सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा गोळीशी संबंध नऊ वर्षांच्या पोरीनं आपणहून जोडला नसेल. कुणीतरी तो तिच्या कानावर घातला. कुणी?”



“मी,” आजोबा म्हणाले. “लोक भेटायला आले होते. मी म्हणालो, त्या रविवारी हिला गोळी दिली असती तर माझा मुलगा आज असता. ही दाराआड होती, मला काय ठाऊक!” ते भिंतीला टेकले. “म्हणजे... तो येत नव्हता.”

“नाही, आजोबा. ही यायची.”

आई टेबलाशी आली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रोज द्यायची की शाळेपुरती, ते उद्या डॉक्टरांसमोर ठरवा, हिलाही शेजारी बसवून. तोवर बाटली कुलपात.”

भिंगरी उठली. “आजोबा, चोराला या घरात जागा नाही ना? मी माझी बॅग भरू?”

म्हातारा गुडघ्यांवर हात देत जमिनीवर बसला, तिच्या उंचीला आला. “नाही गं बाळा. मी चुकलो. दुःखात वाटेल ते बोललो. तो तुझ्यामुळे नाही गेला.”

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

“मग मी गोळी घेतली नाही, तर कुणी मरत नाही?”

“नाही,” आजोबा म्हणाले.

तिला तेवढ्यानं पटलं नाही. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिलाही तेच विचारलं. मग काकाला. मग, घरातल्या नव्हत्या तरी, काकूंनासुद्धा. प्रत्येकाकडून तिनं एकेक ‘नाही’ वदवून घेतलं.