आडव्या पट्ट्या

मी कामावरून आले तेव्हा एक अनोळखी माणूस आमच्या दिवाणखान्यात पालथा पडून, गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून बघत होता.

"पडलात की काय?"

"नाही... उजेड बघतोय. लाकडी पट्ट्या खिडकीच्या दिशेने टाकल्या की सांधे दिसत नाहीत." तो उठून बसला. "तुमच्या आत्यांनी बोलावलं."

आत्या कुणाला न विचारता कारभार करते, पण या वेळी तिचं चुकलं नव्हतं. कंपवात झालेले बाबा गुळगुळीत फरशीवर दोनदा आपटले होते.

"गालाला धूळ लागलीय," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"दोन्ही." एकालाच लागली होती. त्याने मुकाट्याने दोन्ही पुसले, आणि मला उगाचच हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला निवड करता यावी म्हणून त्याने थोड्या पट्ट्या खिडकीच्या दिशेने उभ्या मांडल्या, थोड्या आडव्या. बाबा दाराशी आले आणि नेहमीसारखे खिळले. या आजारात माणूस मनाने निघतो, पाय मात्र जागचे हलत नाहीत. उभ्या पट्ट्यांपुढे ते तसेच थरथरत राहिले. मग त्यांची नजर आडव्या पट्ट्यांवर गेली. सांध्याची एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली... आणि बाबा खिडकीपाशी पोचले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"सगळ्या आडव्या टाका," मी म्हटलं.

"खोली आखूड दिसेल. एकेक सांधा डोळ्यात भरेल. माझं नाव खराब होईल हो."

"तुमचं नाव मला तरी कुठे माहीत आहे?"

"विचारलंत कुठे?"

मी विचारलं नाही. पण चहा दोन कप केला.

काम संपलं तरी तो येत राहिला. कधी सांधा बघायला, कधी कोपरा घासायला. "लाकूड मुरतंय की माणूस?" आत्याने एकदा त्याच्या तोंडावरच विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझीही गत वेगळी नव्हती.

आणि मग एका सकाळी बाबा पहिल्या रेघेपाशी थांबले. थांबलेच.

"बाबा, रेघ दिसतेय ना?"

"दिसतेय गं," ते म्हणाले. "जमत नाही."

त्यानंतर ते स्वतःहून चालले नाहीत.

तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाला, "मला तुम्ही हव्या आहात. मी थांबेन... कितीही."

मला तो किती हवा होता, ते माझं मला ठाऊक. पण मला त्या शब्दाचा संतापच आला.

"थांबू नका. कशासाठी थांबणार? बाबा जाण्यासाठीच ना? मग मीही मनातल्या मनात तीच वाट बघायला लागेन. मला नाही व्हायचं तसं."

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. वाटलं, आता चप्पल घालेल आणि जाईल.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नाही थांबत."

आणि तो बाबांच्या खोलीत गेला. मी मागोमाग धावले. तो पलंगाशी उकिडवा बसला होता.

"बाबा, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. आणि इथेच राहायचंय, तुमच्याजवळ. चालेल का?"

आजाराने बाबांचा चेहरा केव्हाच कोरा केला होता. राग की आनंद, काही उमटत नसे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलायला वेळ लागला.

"ते बघू," ते म्हणाले. "आधी मला बाथरूमला न्या. दोघं मिळून."

त्याने डावीकडून धरलं, मी उजवीकडून.