सदतीस पूर्णांक चार

पेरिक्लिसच्या डाव्या पोटरीचा घेर एकतीस सेंटिमीटर होता, त्याची बहीण एवान्थिया हिचा चौतीस आणि पथकप्रमुख थोडोसिसचा त्रेचाळीस. कांस्याच्या नडगीकवचांची एकच जोडी या तिघांनाही बसली, आणि कडेला नख शिरवण्याइतकीही फट उरली नाही.

हे शनिवारी सकाळी ग्रीसमधल्या खाल्किदाच्या बंदरामागे, अनेस्टिस तांबटाच्या कारखान्यात घडले. पुढच्या रविवारी थीवा शहराखालच्या मैदानात प्राचीन लढाईचा देखावा होता. थोडोसिसच्या पथकात जुन्या पद्धतीशी तडजोड नसे. नडगीकवचाला पट्टा नाही, बंद नाही. पत्रा किंचित फाकवून पायावर चढवायचा आणि त्याने स्वतःच्या ताणाने पोटरी धरून ठेवायची. म्हणून प्रत्येक जोडी मालकाच्या पायावर बेतलेली असे. मोटरसायकलच्या अपघातानंतर पेरिक्लिसची डावी नडगी बाहेरच्या बाजूला वाकून जुळली होती. तिच्यावर पत्रा टिकत नसे, आणि कवचाशिवाय रांगेत जागा मिळत नसे.

“तुझा पाय म्हणजे घाटातला रस्ता, लेका,” थोडोसिस म्हणाला. “मास्त्रो अनेस्टिसनं पत्रा वळवायचा तरी किती?”

अनेस्टिसने पेरिक्लिसच्या पायाचे माप वहीत टिपले आणि पेन्सिल कानावर अडकवली. मग फळीवरून तेलकट फडक्यात गुंडाळलेली जोडी काढली.

“ही बाबांच्या हातची शेवटची. ज्याची होती, तो न्यायला आलाच नाही.”

“मग वितळवली कशी नाहीस?” थोडोसिसचा आवाज उतरला. न नेलेली जोडी कापून मुशीत टाकायची, दुसऱ्याच्या पायात घालायची नाही, हा या धंद्यातला रिवाज होता.

“हात धजला नाही,” अनेस्टिस म्हणाला.

पेरिक्लिसच्या वाकड्या पायावर पत्रा टकदिशी बसला. थोडोसिसने गंमत म्हणून तो स्वतःच्या जाड पोटरीवर चढवला आणि हसता हसता थांबला. शेवटी एवान्थियाने घालून पाहिला.

एवान्थिया धातूंच्या परीक्षणशाळेत काम करत असे. एकतीसपासून त्रेचाळीसपर्यंत ताणलेला कांस्याचा पत्रा मूळ आकाराला परत येत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने जोडी घरी आणली. जाडी, फाकेची रुंदी, कडांची वक्रता, सारे मोजले. पेरिक्लिसने घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर. आकडे दर वेळी तेच आले. चार दिवस ती फक्त पत्रा मोजत राहिली.

बुधवारी संध्याकाळी जिन्यात पावले वाजली. कुणी अनोळखी माणूस असावा म्हणून तिने दार उघडले नाही. मग पेरिक्लिसने हाक मारली.

“दार उघड ना, ताई! झोपलीस काय?”

तो लंगडत नव्हता.

“दुखत नाही गं आता,” तो म्हणाला आणि हसला. त्याला असे हसताना तिने चार वर्षांत पाहिले नव्हते.

रात्री जेवणाच्या सुमारास थोडोसिसचा फोन आला.

“एवान्थिया, शनिवारपासून माझे लांब बूट पोटरीवर सैल होतायत. डॉक्टर म्हणतो, सूज उतरली. मला सूज होती कधी?”

“टेप घे. पोटरीचा घेर सांग.”

तो थोडा वेळ गेला, मग परत आला.

“सदतीस पूर्णांक चार.”

तिने पेरिक्लिसला खुर्चीवर बसवले आणि पाय मोजला. सदतीस पूर्णांक चार. दुसरा पाय मोजला. तेवढाच. मग टेप स्वतःच्या पोटरीभोवती गुंडाळली. आकडा वाचायला तिला वेळ लागला नाही.

गुरुवारी तिने त्याच्या नडगीचा एक्स-रे काढवला. हाड सरळ होते. मोडून जुळल्याची खूण कुठेच नव्हती.

“तू रविवारी उभा राहू नकोस,” ती म्हणाली. “ही जोडी अनेस्टिसला वितळवू दे.”

“आणि त्यानं हा पाय पुन्हा वाकडा झाला तर?”

“हा पाय तुझा नाही, पेरिक्लिस.”

“असू दे दुसऱ्याचा. चार वर्षं मी तंबूत पाण्याचे माठ राखलेत, ताई. लोक रांगेत, आणि मी माठांपाशी.” त्याने जोडी उचलून छातीशी धरली. “तुला नसेल बघायचं तर येऊ नकोस.”

तो जिना उतरून गेला. ती दार लावायला उठली. तिची पावले त्याच्या पावलांसारखी वाजत होती.

तिने त्या रात्री टिपणवही उघडली नाही. ती शनिवारी उघडली, आणि नेहमीच्या अक्षरात नोंद केली:

‘कवच ताणले जात नाही. ते घालताच पाय त्याच्या मापाचा होतो आणि काढल्यावर तसाच राहतो. तीन व्यक्ती, सहा पाय, माप एकच. गुरुवारी बदल गुडघ्याखाली होता. आज तो गुडघ्याच्या वर नऊ सेंटिमीटरपर्यंत पोचला आहे.’