वारुळातले निळे मणी

"उद्या सकाळी बुलडोझर येतोय, आणि तू मुंग्या काय बघत बसलीस?" तिचा मित्र एमेट ओरडला.

लोर्नाने मान वर केली नाही. फोर्ट केसलरच्या कुंपणालगतच्या वारुळावर, खड्यांमध्ये मोहरीएवढे निळे काचेचे मणी चमकत होते!

वायोमिंगच्या माळावरच्या या जुन्या लष्करी ठाण्यात अधिकाऱ्यांची घरं कौतुकाने जपली जात. सैनिकांचे कपडे धुणाऱ्या बायकांची वस्ती कुठे होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. लोर्नाची खापरपणजी हेटी त्यांतलीच एक. त्या बायकांचं कुठेच काही उरलं नाही, हे लोर्नाला फार डाचायचं. आता वारुळाची ही जागा गाड्या उभ्या करण्यासाठी सपाट व्हायची होती.

दोघांनी कचेरीत जाऊन मणी दाखवले, तेव्हा ठाण्याचे व्यवस्थापक मिस्टर टॉलिव्हर हसले. "अगं, कुणा पाहुणीची माळ तुटली असेल! जा, सरबत प्या."

"मणी वरून पडलेत की खालून आलेत, ते आधी कळायला हवं. खालून आले असतील, तर इथे जुनी वस्ती असेल," बाहेर पडल्यावर लोर्ना म्हणाली.

"मग मुंग्यांनाच विचार!" एमेटने चिडवलं.

"तेच करणार आहे!"

दोघांनी वारुळावरचा एकूण एक मणी वेचला. एमेटला मुंग्या कडकडून चावल्या. त्याची बोंब माळावरच्या गुरांनीही ऐकली! मग लोर्नाने घरून जेवण झाकायची बारीक जाळी आणली, वारुळावर पालथी घातली आणि कडेने दगड रचले.

सकाळी बुलडोझर घरघरत आला. लोर्ना वाटेतच उभी राहिली. जाळीखाली, मुंग्यांनी रात्रीतून जमिनीतून वर आणलेले नवे निळे मणी होते!

"मिस्टर टॉलिव्हर, आता सांगा, जाळीच्या आत कोणती पाहुणी शिरली?"

चालक खो खो हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. टॉलिव्हरनी मात्र उत्खननतज्ज्ञांना फोन लावला.

उत्खननतज्ज्ञ बाई आल्या. हळूहळू माती खरवडत गेल्यावर आधी चूल लागली, मग शर्टांच्या पांढऱ्या बटणांचा खच.

"धुताना तुटलेली बटणं!" बाई म्हणाल्या. "धोबिणींची वस्ती हीच! शाबास रे पोरांनो!"

टॉलिव्हरनी हॅट काढली. "मी रोज इथून जायचो. एकदाही वाकून पाहिलं नाही. गाड्या दुसरीकडे लावू. लोर्ना, इथल्या पाटीवर काय लिहायचं, तूच सांग."

लोर्नाने बटणांच्या खचाकडे पाहिलं.

"इथे बायका राहत होत्या, एवढं आधी लिहा," ती म्हणाली. "नावं मी आजीला विचारून सांगते."