काकांची हिरवी रेसर

धुळ्याच्या एसटी स्टँडवर हमाल बसच्या टपावरून सायकल खाली सोडत होता आणि जीवराम खाली हात पसरून उभा होता. तेवढ्यात शेजारून आवाज आला —

"पुढच्या चिमट्याला धरा. चाकाला नको."

त्यानं वळून पाहिलं. निळ्या काठाचं पातळ, हातात भाजीची पिशवी, आणि नजर... ती त्याच्याकडं नव्हतीच. ती सायकलवर खिळली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बारीक रिमा, अन् अंगभर गंज.

"विलायती रेसर," ती हलकेच म्हणाली. "कुणाची?"

"काकांची. भुसावळच्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना त्यांना दिलेली. काका गेले, तेव्हापासून फैजपूरला गोठ्याच्या माळ्यावर पडून होती."

"गल्ली नंबर चारमध्ये झुलाल मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं न्या." दोन पावलं जाऊन ती थांबली. "सगळा रंग खरवडू देऊ नका हं. गंजाखाली हिरवा अजून जिवंत आहे."

सन अडुसष्टचा हिवाळा होता. जीवराम चौधरी नुकताच धुळ्याच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागला होता. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तो दर रविवारी झुलाल मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसू लागला.

तिथं टाकलेली सायकल आठवड्याआठवड्याला बदलत होती. पण मिस्त्रींचा उजवा हात तर लकव्याचा झटका आल्यापासून थरथरत असे, साधा पाना त्यांच्या हातात ठरेना. मग हे बारीक काम करतं कोण? चौथ्या रविवारी मागच्या खोलीतून टिण् टिण् आवाज आला, आणि त्यानं पडदा बाजूला केला.

तीच होती, स्टँडवरची. पुढ्यात चाक टांगलेलं. एक बोट टिचकी मारत आऱ्यामागून आऱ्यावर फिरत होतं आणि ती मान कलती करून ऐकत होती. एक आरा बद्द वाजला. तिनं त्याला पाव फेरा पीळ दिला, पुन्हा टिचकी मारली, आणि स्वतःशीच हसली. जीवराम बघतच राहिला. फळ्यावर शंभर गणितं सोडवली त्यानं, पण इतकं अचूक उत्तर कधी पाहिलं नव्हतं.

"चाकाचं आउट, वाकडेपण, असं कानानं काढतात?"

ती दचकली. "डोळ्यानं काढतात. कान नुसता खात्री करतो." मग आवाज खाली घेऊन, "बाहेर बोलू नका, मास्तर. गिऱ्हाइकांना वाटतं, आबाच करतात."

बाहेरून मिस्त्री, तिचे आबा, शांतपणे म्हणाले, "कमल, मास्तरले बसू दे. बठ्ठं काम तुन्हं शे, त्याले म्हाईत पडाले पाहिजे."

सगळं काम तिचंच हे उघड झालं, आणि त्या दिवसापासून जीवराम पडद्याच्या आत बसू लागला. कमलनं त्याला घासलेटचं भांडं आणि चिंध्या दिल्या. तो बेअरिंगचे छर्रे धुवायचा, ती एकेक उजेडात धरून तपासायची. पायडलाचा दांडा पक्का करणारी कॉटर पिन कुठंच मिळेना, तेव्हा तिनं लोखंडाचा तुकडा दोन दिवस कानशीनं घासून ती घडवली.

"एवढी मेहनत... एका जुन्या सायकलीसाठी?" त्यानं विचारलं.

"सायकलीसाठीच." ती खाली बघत म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं?"

जीवरामचे कान तापले. हातातले छर्रे फरशीवर सांडले, आणि ते गोळा करताना दोघांची बोटं एकमेकांना लागली.

माघात सायकल पुरी झाली. गंजाखालचा हिरवा रंग ओल्या केळीच्या पानासारखा दिसत होता. कमलनं पायडल उलटं फिरवलं, आणि नुसती सूं... अशी चेन फिरली.

"छान झाली," ती म्हणाली, पण आवाज पडला होता. "येत्या रविवारी शिंदखेड्याचे पाहुणे मला पाहायला येताहेत. आत्या म्हणते, हात काळे दिसता कामा नयेत. उद्यापासून दुकान बंद मला."

"आणि तुम्ही... तुम्हाला?"

"मला कुणी विचारलं नाही."

बुधवारी रजा टाकून जीवराम सायकलवर निघाला. दुकानापाशी थांबून मिस्त्रींना एवढंच म्हणाला, "जळगावला जातो. वडील माझ्या बहिणीकडं आलेत." पारोळा, एरंडोल मागं पडलं. कापसाच्या गाड्या मागं पडल्या. पन्नासेक मैलांत सायकल कुठं कुरकुरली नाही. कुरकुरत होतं ते त्याचं काळीज.

जळगावच्या अंगणात नाना, म्हणजे त्याचे वडील पितांबर, सायकल पाहून उठून उभे राहिले. धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. दांडीवरून हात फिरवत ते म्हणाले, "कोनं केली रे?"

"धुळ्याच्या झुलाल मिस्त्रींच्या मुलीनं. नाना, मला तिच्याशी लग्न करायचं आहे... मुलगी आपल्यातली नाही."

नाना खाली बसले. चाक हातानं फिरवलं आणि ते थांबेपर्यंत पाहत राहिले. फार वेळ फिरलं ते.

"आपल्या लोकांचं मी पाहीन," ते म्हणाले. "तुह्या मायले मीच सांगतो. तू आधी तिले विचार."

गुरुवारी दुपारी जीवराम धुळीनं माखून गल्ली नंबर चारमध्ये उतरला. कमल दारात आली.

"चेन उतरली का?"

"नाही."

"मग ब्रेक?"

"सायकलीला काही झालं नाही, कमल. मला झालंय." त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "तुम्हाला कुणी विचारलं नाही ना? मी विचारायला आलोय. लग्न कराल माझ्याशी?"

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी दुकान सोडणार नाही. आबांना दुसरं कुणी नाही."

"मी तुम्हाला कुठं न्यायला आलोय? मी धुळ्यातलाच मास्तर. संध्याकाळी येऊन छर्रे धुवीन."

"सांडाल," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ, डोळे भरून पाहिलं. तसंच पाहत तिनं हाक दिली, "आबा... शिंदखेडाले निरोप धाडा, येऊ नका म्हना."

झुलाल मिस्त्रींनी मान वर केली नाही. जळगावला जातो म्हणताना मास्तरांचं तोंड त्यांनी पाहिलं होतं.

"मी त कालदिनच निरोप धाडी दिना," ते म्हणाले.