वरचा मजला अक्काचा

"अर्जच केला नाहीस? अरे, दोन वर्षं माझ्या तोंडाला पानं पुसलीस, यशवंत!" इंदुमतीचा आवाज असा चढला, की भाकरी थापणारी भावजय दीपश्री पिठाच्या हातांनीच धावत दिवाणखान्यात आली.

इंदुमती आज एकटीच महापालिकेत जाऊन आली होती. वरच्या मजल्याची परवानगी कुठवर आलीय, एवढंच विचारायला! कारकुनानं कागद चाळले आणि मान हलवली. "आगूदिल्ल री अक्का, नाही व्हायचं. या घराचा अर्जच आलेला नाही. आणि करून तरी काय? तुमची पुढची दिवाणखान्याची खोली नकाशात नाहीच! आधीच्या मालकानं नियमानं मोकळी सोडायच्या जागेवर बांधलीय. ती पाडल्याशिवाय वर एक वीट चढायची नाही."

आईबाप गेल्यावर या भावाला तिनं मास्तरकी करून वाढवलं, त्याच्यापायी जमलेलं लग्न मोडलं, आणि रायापूरचं हे घर घेताना सुभाष रोडमागचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर विकून टाकलं... का? तर "वरचा मजला बांधू, तो तुझा" म्हणाला म्हणून! वास्तुशांतीला दूध उतू घालवायचा मानही त्यानं तिलाच दिला. आणि तोही खाली नव्हे, गच्चीवर तीन विटा मांडून. "इथंच तुझी चूल, अक्का!" तेव्हापासून ती या दिवाणखान्यात झोपत होती, पाहुणे उठेपर्यंत ताटकळत होती.

"खरं सांग, घर घेताना तुला ठाऊक होतं?"

यशवंतची मान खाली गेली. "इंजिनिअर म्हणाला होता... पण ही ऐसपैस खोली माझ्या मनात भरली होती. तुला सांगितलं असतं तर तू तुझं घर विकलं नसतंस."

"म्हणजे दूध उतू गेलं तेव्हा ठाऊक होतं!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला फसवलंस ते एक वेळ गिळीन रे, पण अग्नीसमोर माझ्या शेजारी उभा राहून हात जोडलेस! लाज नाही वाटली, मेल्या?"

"अक्का, देवाशपथ मला माहीत नव्हतं!" दीपश्री हुंदके देत म्हणाली. "तुम्ही आमची खोली घ्या..."

"भीक नकोय मला!" इंदुमतीनं दिवाणाखालची ट्रंक खसकन ओढली.

यशवंतनं ट्रंकेची कडी घट्ट धरली. चाळिशीचा बाप्या, पण लहान पोरासारखा कडी सोडेना. "मार मला, पण जाऊ नको... मी ही खोली पाडतो, अक्का."

आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. जन्मभर त्याच्या प्रत्येक 'देतो', 'करतो'ला तिनं 'राहू दे रे' म्हटलं होतं. आताही तेच येणार, याची वाट बघत होता लबाड! शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही... तिनं तो गिळला.

"पाड!"

"अक्का...?"

"गवंड्याला आत्ता फोन लाव. माझ्यासमोर!"

त्यानं लावला. उद्या सकाळी ये, म्हणून सांगितलं, आणि तिच्या पायाशी बसून तो हमसाहमशी रडू लागला. "चुकलो गं... तुझंच सगळं खात आलो मी!" इंदुमतीचेही डोळे भरून आले. दीपश्रीनं ट्रंक उचलून आपल्या खोलीत नेली, तेव्हा ती नको म्हणाली नाही. भावाच्या डोक्यावर हात ठेवून ती तशाच तापलेल्या आवाजात म्हणाली,

"रडून झालं की ऊठ, आणि घराच्या कागदांवर माझं नाव घाल."