दोनच चाकोऱ्या

काकाला स्वतःचं काही सांगायचं असलं की तो "माझ्या ओळखीचा एक होता" अशी सुरुवात करतो. त्या रात्री जेवणं उरकली आणि लाईट गेली. आम्ही भावंडं ओट्यावर, भुताची गोष्ट सांग म्हणून काकाच्या मागं.

"माझ्या ओळखीचा एक दलाल होता. जुन्या गाड्या विकायचा."

"भूतही तुझ्या ओळखीचंच का, काका?" धाकटीनं विचारलं.

"ऐक आधी."

दलालानं लष्कराच्या लिलावात एक ट्रक घेतला. धूड नुसतं. पुढची चाकं वळतात तशी मागचीही वळायची. साधा ट्रक वळला की मातीत चार चाकोऱ्या उमटतात, मागची चाकं आतून जातात. याच्या दोनच. मागचं चाक पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकणार. पण वळताना शेपूट बाहेर फेकायचा. म्हणून गिऱ्हाइकाला दाखवताना एक जाड पिन घालून मागची चाकं सरळ अडकवून ठेवायची.

गाडी मागं घेताना त्याचा मिस्त्री शेपटाशी उभा राहून मागच्या फाळक्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे ये. एक म्हणजे थांब.

एप्रिलात एक गिऱ्हाईक आलं. मिस्त्रीनं विचारलं, "शेठ, पिन घातली ना?"

"घातली रे बाबा. लग्नाच्या बायकोनं विचारलं नसेल इतक्यांदा विचारतोस."

घातली नव्हती. कंटाळा केला होता. गाडी मागं घेताना शेपूट फिरलं. मागं भिंत होती आणि मधे मिस्त्री. एक थाप आली. तीही अर्धीच.

गिऱ्हाईक लोकांना बोलवायला धावलं. दलालानं काय केलं? पिन घातली, दाताळं घेतलं आणि त्या दोन चाकोऱ्या पुसल्या. पोलिसांना म्हणाला, पिन होती, तोच नको तिथं उभा राहिला. मिस्त्रीची बायको एवढंच म्हणाली, "ते असं चुकायचे नाहीत, भाऊ."

"आणि तू... म्हणजे तो दलाल, काय म्हणाला?" मी विचारलं.

काकानं गोष्ट पुढं रेटली.

त्यानंतर दलालाला ट्रक डोळ्यांसमोर नको झाला. कुणीही न्यावा, कितीलाही न्यावा. शेवटी एक खाणवाला तयार झाला. नोव्हेंबरची नऊ तारीख, शनिवार, रात्री पावणेबारा. या खेपेला दलालानं पिन स्वतः घातली. तीनदा ओढून पाहिली. वर चढला. ट्रक शेडमधून मागं घ्यायचा होता.

थाप थाप.

बरं झालं, खाणवाला मागं उभा आहे. दलालानं गाडी मागं घेतली.

थाप थाप.

"येतोय, येतोय."

समोरच्या काचेवर टॉर्चचा उजेड पडला. खाणवाला पुढं उभा होता.

"शेठ, कोणाशी बोलताय?"

थाप थाप...

दलालानं ब्रेक दाबला. ट्रक थांबेना. स्टिअरिंग हातात सरळ होतं. शेपूट मात्र फिरत होतं... भिंतीकडे. किल्ली काढली. तरी चालूच. एक थाप, फक्त एक. तो तिची वाट बघत होता.

थाप थाप.

थाप थाप...

 

"मग?" धाकटीनं विचारलं.

"ट्रक थांबला. भिंत आणि फाळका यांच्यात एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती... रिकामी. खाणवाला निघून गेला. पुन्हा फोनही उचलला नाही."

"आणि पिन?"

"जागेवरच होती."

लाईट आली. काका उठून आत गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

आमच्या घरामागच्या आवारात ताडपत्रीखाली एक ट्रक आहे. त्याला बॅटरी नाही, टायर बसलेत. का विकत नाही विचारलं तर काका म्हणतो, गिऱ्हाईक नाही. रोज पहाटे तो तिथं दाताळं फिरवतो. आई कौतुक करते, बघ, या वयातही किती टापटीप. कॉलेज सोडलं म्हणून मला त्याचंच उदाहरण देते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी उठलो.

ट्रक जागच्या जागी होता. ताडपत्रीच्या गाठीही तशाच. त्याच्या चाकांपासून भिंतीपर्यंत वळण घेत ताज्या चाकोऱ्या गेल्या होत्या. मी मोजल्या. वाकून पुन्हा मोजल्या.

मागं काका दाताळं घेऊन उभा होता. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि लांब फेकलं.

चाकोऱ्या दोनच होत्या.